तीन विभागांत एक फळा

मित्रांनो, फळा म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचा काळा फळा उभा राहत असेल. मी तो नव्हे. मी पांढरा आहे, मला पाय आहेत, पायांना चाके आहेत, आणि हल्ली लहानथोर सगळेच मला 'तो जुना फळा' म्हणतात. काळा फळा जन्मभर एकच भिंत धरून बसतो. माझे तसे झाले नाही. मी हिंडलो, फिरलो, मोठमोठ्या विद्वानांत ऊठबस केली. तीन विभागांनी मला आपला म्हटले आणि तिन्ही विभाग माझ्यावरून भांडले. ती हकीकत तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाच्या पत्र्यावर पांढरा मुलामा देऊन मला भट्टीत खरपूस भाजले. मग पाठीला पाठ लावून दोन पत्रे एका चौकटीत बसवले आणि मधून आडवी दांडी घातली. त्यामुळे मला कोलांटी मारता येते. एक बाजू लिहून भरली की वरून जरा ढकलायचे, दुसरी कोरी बाजू समोर येते. कारखान्यातून निघताना तपासनिसाने माझ्यावर एक रेघ ओढली, फडक्याने पुसली आणि तो म्हणाला, "झकास! काही म्हणजे काही उरत नाही." ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. तिने मी इतका फुगलो की चौकटीतून निघायचाच बाकी होतो.

तिथून मी एका विद्यापीठाच्या बैठकीच्या खोलीत आलो. तिथली वर्षे आरामात गेली. दर बैठकीत कोणीतरी साहेब उठत, माझ्यावर 'प्रगती' असा शब्द लिहीत आणि त्याच्यापासून वर जाणारा एक बाण काढत. बाकीचे साहेब बिस्किटे खात त्या बाणाकडे बघत. साहेब बदलले, बिस्किटे बदलली, पण बाण काही बदलला नाही. तो वर कुठे जातो हे मला कधी कळले नाही. वर तर छत होते.

मग एके वर्षी वरून आदेश आला, की विभागांनी आपापल्या खोल्यांत कोंडून घेऊ नये, एकमेकांत मिसळून संशोधन करावे. त्यासाठी एक अडगळीची खोली रिकामी केली गेली. तिला 'आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्र' असे भारदस्त नाव मिळाले. नाव दारापेक्षा लांब निघाले. पेंटरने थोडा विचार केला आणि दाराच्या डाव्या झडपेवर 'आंतरविद्या' आणि उजव्या झडपेवर 'शाखीय संशोधन केंद्र' असे लिहून तो मोकळा झाला. डावी झडप वाऱ्याने सारखी उघडी राही. मग बाहेरून नुसते 'शाखीय' तेवढे ठसठशीत दिसे, आणि रोज कोणीतरी आत डोकावून विचारी, "बँकेचं खातं इथेच उघडतात ना?"

याच खोलीत मला ढकलत आणले. आणि इथेच मला माझी तीन माणसे भेटली.

पहिल्या बाई. त्या शिक्षणशास्त्र विभागाच्या प्रमुख. उमेदीची बरीच वर्षे त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवण्यात काढली होती. त्या शाळेतून निघाल्या, पण शाळा त्यांच्यातून निघाली नव्हती. कुलगुरूंशी बोलतानाही वाक्य संपले की त्या "समजलं?" असे विचारत, आणि कुलगुरू खाली बघून "हो बाई" म्हणत.

दुसरे मामासर. ते साहित्य विभागाचे. एकच गोष्ट निरनिराळ्या ठिकाणी लोक कशी कशी सांगतात, ती सगळी रूपे गोळा करण्यात त्यांनी केस पांढरे केले होते. लिहिलेले पुसता येते ही कल्पनाच त्यांना असंस्कृत वाटे. त्यामुळे ते माझ्यावर लिहीत नसत. माझ्या चौकटीला कोट मात्र टांगत.

आणि तिसरी भाची. ती संगणक विभागातली. ही मामासरांची खरोखरची भाची, सख्ख्या बहिणीची मुलगी. कामाच्या ठिकाणी त्यांना 'सर'च म्हणायचे असा तिचा निश्चय होता. पण राग आला की तोंडून 'मामा' निघून जाई. त्यामुळे ती केव्हा रागावली आहे हे सगळ्या विद्यापीठाला कळे, आणि त्यावरूनच मामासरांचे नाव मामासर पडले.

तिघांनी मिळून एक यंत्र करायचे होते. मुलांनी त्याच्यापुढे मोठ्याने वाचायचे, यंत्राने ऐकायचे, आणि मूल कुठे अडते ते शिक्षकांना सांगायचे. मुले बाईंना ठाऊक, गोष्टी मामासरांना ठाऊक, यंत्र भाचीला ठाऊक. सगळे कसे छान जुळून आले होते.

पहिल्या बैठकीत बाईंनी माझ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले, 'सर्वप्रथम पाठ पक्का करणे.' आणि विचारले, "समजलं?"

दोघांनी माना डोलावल्या. मित्रांनो, न विचारता मान डोलावण्यासारखा धोक्याचा प्रकार जगात दुसरा नाही.

बाईंच्या लेखी पाठ म्हणजे धडा. त्यांनी तिसरीच्या पुस्तकातला एका कोल्ह्याचा धडा निवडला. या कोल्ह्याला स्वतःची शेपटी आवडत नाही, म्हणून तो खारीची शेपटी मागून आणतो आणि फजीत होतो. मामासरांच्या लेखी पाठ म्हणजे एकाच गोष्टीच्या अनेक रूपांपैकी एक रूप. त्यांनी या कोल्ह्याचे मिळतील तेवढे पाठ जमवायला घेतले. एका पाठात कोल्हा शेपटी मागून आणत होता, एकात चोरून, आणि एकात तो मुळी कोल्हाच नव्हता, बोका होता. भाचीच्या लेखी पाठ म्हणजे पाठांतर. तिने यंत्राकडून छापील धडा असा घोटून घेतला, की एक काना इकडचा तिकडे झाला तरी यंत्राने चूक धरावी. मला कोणी विचारले नाही. विचारले असते तर सांगितले असते, की माझ्या लेखी पाठ म्हणजे मागची बाजू, आणि मामासरांच्या ओल्या कोटामुळे ती हल्ली सारखी धरलेली असते.

मधूनमधून बाई विचारत, "झाला का पाठ?"

"झाला," भाची म्हणे.

"माझे अजून मिळताहेत," मामासर म्हणत.

बाईंना वाटे, साहित्यातली माणसे बोलायचीच अशी. त्या सोडून देत.

त्या काळात मला खरा त्रास होता तो पुसण्याचा. मला बाजू दोन आणि विभाग तीन. त्यातून बाईंची जुनी सवय अशी, की तास संपला की फळा स्वच्छ पुसायचा. भाची आठवडाभर खपून आकडे, चौकोन आणि बाण यांचे एक भलेमोठे जाळे माझ्यावर विणी, आणि बाई बोलता बोलता ते साफ पुसून हात झटकत. एकदा भाचीने जाळ्याच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले, 'पुसू नये.' मामासरांनी ते वाचले. फळ्यावर न लिहिण्याचे आपले व्रत क्षणभर बाजूला ठेवून त्यांनी शेजारी लिहिले, 'वाक्य अपूर्ण. काय पुसू नये?' दुसऱ्या दिवशी बाई आल्या. गिचमीड बघून त्यांना राहवले नाही. त्यांनी जाळे पुसले, मामासरांचा शेरा पुसला, आणि शेवटी 'पुसू नये' हे दोन शब्द तेवढे शिस्तीत तसेच ठेवले.

भाची आली. कोऱ्या करकरीत फळ्याच्या मधोमध 'पुसू नये' बघून तिने डोक्याला हात लावला. "मामा!" ती ओरडली. मामासर बिचारे त्या वेळी दुसऱ्या गावी बोक्याची गोष्ट ऐकत बसले होते.

असे करत यंत्र तयार झाले. ते बुटके, राखाडी होते, आणि त्याला जाळीदार तोंड होते. भाचीने त्यात आवाज बाईंचा भरला होता. बरोबर वाचले की यंत्र बाईंच्या आवाजात म्हणे, "शाबास, बाळा." चुकले की म्हणे, "पुन्हा प्रयत्न कर, बाळा." जवळच्या एका शाळेत चाचणी ठरली. यंत्राबरोबर खोकी, तारा, खुर्च्या आणि मी असे सगळे टेम्पोत चढलो. मोकळ्या हवेत मी पहिल्यांदाच आलो होतो. रस्त्यावरचे लोक माझ्यात आपला भांग बघत होते.

शाळेच्या सभागृहात मुले एकेक करून येऊ लागली. पहिला आला वकिलांचा मुलगा. त्याने धडा असा धडाधड वाचला, की यंत्राला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. एक चूक नाही. "शाबास, बाळा," यंत्र म्हणाले.

मग आली टिटवी. खरे नाव तिचे वेगळे होते, पण आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जावा, म्हणून टिटवी. तिच्या आईचे केस कापायचे दुकान होते. शाळा सुटली की टिटवी दुकानात बसे आणि गिऱ्हाईक बायकांना जुनी मासिके वाचून दाखवी. तिचा तान्हा भाऊ खुर्चीखाली कापलेल्या केसांत बसून ऐके.

छापील धड्यात लिहिले होते, 'हे पाहून कोल्हा अत्यंत खिन्न झाला व तत्काळ तेथून प्रस्थान करता झाला.'

टिटवीने पुस्तकात बघितले आणि खणखणीत वाचले, "हे बघून कोल्ह्याचं तोंड एवढंसं झालं. आणि मग त्यानं जी धूम ठोकली!"

"पुन्हा प्रयत्न कर, बाळा," यंत्र म्हणाले.

"तोंड एवढंसं झालं आणि धूम ठोकली," टिटवी आणखी मोठ्याने म्हणाली.

"पुन्हा प्रयत्न कर, बाळा."

"अहो, किती वेळा? कोल्हा कधीच पळाला!"

धडा संपला तेव्हा यंत्राने निकाल दिला. "वाचन कमकुवत आहे. सावकाश गटात बसवावे."

हेडमास्तरांना यंत्र फार आवडले. ते हात चोळत म्हणाले, "वा! आता गट पाडायला आम्ही मोकळे. हुशार मुलं वरच्या वर्गात, सावकाश मुलं जिन्याखालच्या खोलीत." जिन्याखालच्या खोलीला खिडकी नव्हती. त्या गटाला गोष्टीची पुस्तके मिळणार नव्हती. त्यांनी वर्षभर अक्षरे गिरवायची होती. आणि हे एवढ्यावर थांबणार नव्हते. शिक्षण समिती यंत्र बघायला येणार होती. तिला पसंत पडले, तर गावोगावच्या शाळांत ते बसणार होते.

दुसऱ्या दिवशी टिटवीची आई दुकान बंद करून आली. कमरेच्या पिशवीत कात्री तशीच होती. ती बाईंना म्हणाली, "बाई, हिला वाचता येत नाही असं कसं होईल? माझ्याकडे बायका हिचं ऐकायला येतात. केस वाढले नसले तरी येतात."

"पण ती छापलेलं वाचत नाही हो," बाई म्हणाल्या. "मनानं शब्द घालते."

"मी सांगते ना," टिटवी मधेच म्हणाली. "कंटाळवाणा शब्द आला की गिऱ्हाईक पेंगतं. पेंगलं की मान हलते. मान हलली की आई मला ओरडते. म्हणून मी डोळ्यानं तो शब्द वाचते आणि तोंडानं बरा शब्द सांगते."

आई मुलीला घेऊन गेली. जाताना तिने मागे वळून यंत्राकडे असे बघितले, की माझ्यासुद्धा अंगावर काटा आला. मग सभागृहात तिघेच उरले, आणि वादाला तोंड फुटले.

"ही चूक नाही," मामासर म्हणाले. "हा पाठ आहे!"

"पाठच तर चुकलाय तिचा," बाई म्हणाल्या.

"पाठ चुकणं शक्य नाही," भाची म्हणाली. "यंत्रानं शब्दन् शब्द पाठ केलाय."

"यंत्रानं? अगं, पाठ यंत्र कसं करील? पाठ माणसं करतात! पिढ्यान् पिढ्या करतात!"

"मामा, माणसांनीच पाठ करायचा तर यंत्र कशाला हवं?"

बाईंनी टाळी वाजवली. दोघे दचकून गप्प बसले. बाईंनी माझ्यावर मधोमध लिहिले, 'पाठ'. मग त्या म्हणाल्या, "याचा अर्थ काय? एकेकानं सांगायचं. मधे बोलायचं नाही. समजलं?"

तिघांनी आपापला अर्थ सांगितला. त्यानंतर जी शांतता पसरली, तशी शांतता मी बैठकीच्या खोलीत बिस्किटे संपल्यावरसुद्धा अनुभवली नव्हती.

"म्हणजे इतके महिने..." भाची म्हणाली.

"तरीच," बाई म्हणाल्या, "तरीच तुमचे 'अजून मिळताहेत'!"

मामासरांना मात्र आता राहवेना. त्यांनी खोक्यावरचा एक जाड मार्कर उचलला आणि ते माझ्याकडे वळले. "अर्थ कुणाचा का असेना. माझं मत मी लिहून ठेवतो," ते म्हणाले, आणि सगळा जोर लावून त्यांनी माझ्या छातीवर लिहिले, 'मुलीचे बरोबर आहे.'

"मामासर, असं एकट्यानं ठरवायचं नसतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डस्टर फिरवले.

काही झाले नाही. त्यांनी दाबून फिरवले. तरीही काही झाले नाही. तेव्हा भाचीने मामासरांच्या हातातला मार्कर बघितला आणि मटकन खाली बसली. तो खोक्यांवर पत्ते घालायचा, पक्क्या शाईचा मार्कर होता.

"मला काय माहीत?" मामासर म्हणाले. "मला वाटलं, तुमच्यात सगळंच पुसलं जातं."

मग माझे जे हाल झाले ते विचारू नका. पाणी झाले, साबण झाला, स्पिरिट झाले. भाचीने त्या अक्षरांवरून साधा मार्कर गिरवून पुसून बघितला. मामासरांनी खिशातले खोडरबर काढले, ते बघून बाईंनी नुसते हात जोडले. शाई मुलाम्यात पार मुरली होती. कारखान्यातला तपासनीस आठवून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. 'काही म्हणजे काही उरत नाही' अशी ज्याची ख्याती, त्याच्या तोंडावर आता जन्माचे वाक्य उमटले होते.

चाचणी चालूच असल्याने मी सभागृहातच राहिलो. बाई रोज सकाळी येत. आल्या आल्या सवयीने डस्टर उचलत, माझ्यापाशी येत, ते वाक्य वाचत आणि डस्टर खाली ठेवत. जे पुसता येत नाही ते वाचावे लागते, मित्रांनो. पहिल्या दिवशी बाईंनी ते रागाने वाचले. मग नुसतेच वाचले. मग एके दिवशी त्या माझ्यापुढे खुर्ची ओढून बसल्या, आणि थोड्या वेळाने त्यांनी वकिलांच्या मुलाला बोलावून घेतले.

"बाळ, तू परवा वाचलंस त्यात कोल्हा का पळून गेला?"

मुलगा विचारात पडला. "कोण कोल्हा?" त्याने विचारले.

"धड्यातला."

"धड्यात कोल्हा होता?"

मग बाईंनी टिटवीला बोलावले आणि तोच प्रश्न विचारला. टिटवीने कोल्हा, खार, खारीची आई, शेपटी ओढल्यावर झालेला आवाज असे सगळे करून दाखवले. कोल्ह्याने प्रस्थान केले तेव्हा ती स्वतःच सभागृहाला एक चक्कर मारून आली. बाई हसता हसता डोळे पुसू लागल्या. मी त्यांना पहिल्यांदाच फळ्याखेरीज काही पुसताना बघितले.

त्या दिवसापासून तिघांचे खरे एकत्र काम सुरू झाले. बाई सांगत, मूल अर्थ न कळल्याने अडले की अर्थ कळल्यामुळे शब्द बदलला, हे ओळखायला हवे. मामासरांनी जमवलेले कोल्हे, खारी आणि तो बोकासुद्धा भाचीने यंत्राला ऐकवायला घेतले. एक गोष्ट किती तऱ्हांनी सांगता येते हे यंत्राला कळायला हवे ना! पण यंत्र शिकायला वेळ लागतो. समिती आली तेव्हा नवे यंत्र अर्धे कच्चे होते, आणि टेबलावर जुनेच ठेवावे लागले.

समितीचे अध्यक्ष अंगाने भरदार आणि आवाजाने त्याहून भरदार होते. हेडमास्तरांनी माझे ते वाक्य दिसू नये म्हणून मला उलटे फिरवून कोरी बाजू पुढे केली होती. मुले समोर सतरंजीवर बसली होती, टिटवी पहिल्या रांगेत. वकिलांच्या मुलाने वाचले. शाबास, बाळा. अध्यक्ष खूश झाले.

तेव्हा बाई गोड आवाजात म्हणाल्या, "साहेब, मुलांना फार आनंद होईल. तुम्हीच वाचून दाखवा ना."

अध्यक्षांनी नाही म्हणायचे कसे? त्यांनी खिसे चाचपले. चष्मा मोटारीत राहिला होता. पण एवढ्या मुलांपुढे तसे कबूल कोण करणार? त्यांनी पुस्तक हातभर लांब धरले आणि घसा खाकरला. "हे पाहून कोल्हा... फार... दुःखी झाला, आणि ताबडतोब तिथून निघून गेला."

"पुन्हा प्रयत्न कर, बाळा," यंत्र म्हणाले.

अध्यक्षांनी पुस्तक आणखी लांब धरले. "कोल्हा अत्यंत... कोल्हा अगदी... नाराज झाला!"

"पुन्हा प्रयत्न कर, बाळा."

हेडमास्तर यंत्राची तार शोधू लागले. त्यांनी ओढली ती पंख्याची निघाली. यंत्र शांतपणे बोललेच. "वाचन कमकुवत आहे. सावकाश गटात बसवावे."

"अहो, पण अर्थ तोच आहे ना!" अध्यक्ष गरजले आणि त्यांनी माझ्या माथ्यावर दाणकन हात आपटला.

मित्रांनो, त्या क्षणी मी कोलांटी मारली. हेडमास्तर नंतर म्हणाले, की दांडीचा खिळा ढिला होता. असेलही. मी त्यावर काही बोलत नाही. एवढे खरे, की माझी दुसरी बाजू गर्रकन पुढे आली आणि टिटवीने आपल्या त्या आवाजात वाचून दाखवले, "मुलीचे बरोबर आहे."

मग तिला अध्यक्षांची दया आली. ती उठून त्यांच्याजवळ गेली आणि धीर देत म्हणाली, "घाबरू नका काका. मीपण त्याच गटात आहे."

अध्यक्ष आधी लाल झाले. मग त्यांनी तिच्याकडे बघितले, माझ्याकडे बघितले, आणि विचारले, "तुझं काय चुकलं गं?"

"मी म्हटलं, कोल्ह्याचं तोंड एवढंसं झालं." आणि तिने तोंड एवढेसे करून दाखवले.

अध्यक्ष जे हसायला लागले, ते खुर्ची पुरेना. हसू ओसरल्यावर ते बाईंना म्हणाले, "तुम्ही मला मुद्दाम वाचायला लावलंत."

"हो," बाई म्हणाल्या. "हे यंत्र ऐकतं चांगलं, साहेब. पण त्याला समजायला अजून वेळ हवा. आम्हालाही जरा उशिराच समजलं. तोवर मुलांचे गट पाडू नका. समजलं?"

"हो बाई," अध्यक्ष म्हणाले.

वेळ मिळाला. जिन्याखालची खोली झाडू-बादल्यांकडे परत गेली. नवे यंत्र तयार झाले, त्यात बाईंचा आवाज पुन्हा भरला. ते आता वाचून झाल्यावर निकाल देत नाही. ते विचारते, "मग काय झालं, बाळा?" आणि ऐकत राहते. तिघांनी मिळून त्यावर शोधनिबंध लिहिला. त्यात 'पाठ' या शब्दाचा अर्थ सांगणारी तळटीप इतकी लांबली, की म्हणे दोन पाने नुसती तळच आहेत.

केंद्राचे नाव झाले. तिथे बोटाने लिहायचा चकचकीत काचेचा फळा आला. अंगावर पक्के वाक्य असलेला फळा परत कोण नेणार? मी शाळेतच राहिलो, आणि बाके मोडली की जिथे टाकतात त्या खोलीत गेलो. तिथे माझ्यावर कोळ्यांनी जाळी विणली. भाचीच्या जाळ्यांइतकी ती अवघड नव्हती, पण त्यांनाही कोणी 'पुसू नये' लिहिले नाही. दिवस गेले, वर्षे गेली. कोणी दार उघडले की मला वाटे, आता मला नेतील. ते झाडू घेऊन जात.

शेवटी शाळेत वाचनाची खोली झाली आणि आडोसा म्हणून माझी आठवण झाली. मला धुऊन पुसून एका कोपऱ्यात उभे केले. यंत्रही तिथेच एका टेबलावर आहे. इथे माझे बरे चालले आहे. मुलींना तर मी फार प्रिय आहे. गणितात सात आठे चौपन्न म्हणून कोणी मुलगी चुकली आणि मुलगे हसले, की ती नुसते माझ्याकडे बोट दाखवते. मुलग्यांनी माझ्याविरुद्ध हेडमास्तरांकडे तक्रार केली आहे.

आता गेल्या महिन्यातले सांगतो. टिटवी मोठ्या वर्गात गेली आहे. तिचा तो धाकटा भाऊ आता दुसरीत आहे. बहीण त्याच्या वाटचेही बोलत आल्यामुळे त्याच्यावर बोलायची वेळच आली नव्हती. तो वर्गात वाचत नसे. उभे केले की पुस्तकात तोंड खुपसे. नव्या शिक्षिकेला वाटले, याला अक्षरओळखच नाही.

एका दुपारी मुले मैदानावर गेली होती. तो एकटा वाचनाच्या खोलीत आला. यंत्रापुढे उभा राहिला आणि घाबरून मागे सरला. इकडेतिकडे बघितले. मग हळूच माझ्या मागे जाऊन खाली बसला. मी अंग आणखी पसरू शकलो असतो तर पसरले असते. माझ्या पाठीला टेकून, पुस्तक गुडघ्यांवर ठेवून, त्याने वाचायला सुरुवात केली. आवाज मुंगीएवढा. मग चिमणीएवढा. एका शब्दाला अडला, थांबला, पुढे गेला.

"मग काय झालं, बाळा?" पलीकडून यंत्राने विचारले.

त्याने पुस्तक मिटले. मला त्याचे काळीज माझ्या पत्र्यावर धडधडताना कळत होते. मग त्याने सांगायला सुरुवात केली. सगळी गोष्ट सांगितली, अगदी शेवटपर्यंत. दारात नवी शिक्षिका केव्हा येऊन उभी राहिली होती हे त्याला कळलेही नाही. तीही शहाणी. पुढे आली नाही. ऐकत राहिली.

आता तो रोज येतो. हल्ली माझ्या मागून त्याचा आवाज दारापर्यंत पोहोचतो.

मित्रांनो, माझा रंग उडाला आहे. पुढच्या बाजूला एक वाक्य कायमचे बसले आहे आणि माझ्यावर आता धड लिहिताही येत नाही. परवाच दोघेजण मापे घेऊन गेले. नवा फळा घ्यावा, याला भंगारात द्यावा, असे बोलत होते. माझे म्हणणे एवढेच आहे. तुमच्याही शाळेत असा एखादा जुना फळा असेल. त्याला ढकलत बाहेर नेण्याआधी, जरा त्याच्या मागे कोणी बसलेले आहे का, ते वाकून बघा.